कालिंदा सिस्टरची फौज

कालिंदा सिस्टरांच्या गच्चीवर उन्हाळ्यात दोन बाजा टाकलेल्या असतात. एका बाजेवर कुरडया वाळतात, दुसरीवर राक्षस. दोन्हींवर जुनी मच्छरदाणी ताणलेली असते, कारण कावळा कुरडईला चोच मारतो तशी राक्षसालाही मारतो. आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे, त्यामुळे घरी पाहुणा आला की त्याला हे आधी सांगून ठेवावं लागतं. माझ्या मेव्हण्याला सांगायचं राहिलं. त्यानं गप्पा मारता मारता कठड्यावरून हात घातला, कुरडई समजून काहीतरी उचललं आणि तोंडाशी नेलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की कुरडईला पंख आहेत.

"ठिवा तितंच," जिन्यातून आवाज आला. "अजून वाळला न्हाई त्यो."

मेव्हण्यानं राक्षस खाली ठेवला आणि पुढचे दोन दिवस आमच्याकडे कुरडई खाल्ली नाही.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच, आधी माजलगावकडं आणि मग आमच्या आष्टी तालुक्यात. आता निवृत्त आहेत, पण गावात त्यांना आजही सगळे सिस्टरच म्हणतात. गावातल्या अर्ध्या तरुण मंडळींच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण आहे, आणि ती मंडळी मिशा फुटल्या तरी सिस्टर समोरून आल्या की रस्ता बदलतात. लग्न झालं होतं, पण ते फार चाललं नाही. त्याबद्दल सिस्टर एवढंच सांगतात, "त्याला घरी बसनारी बायको पायजे व्हती. मला बसायला येत नव्हतं."

आता मात्र त्या दिवसभर बसतात. खिडकीशी टेबल, कपाळावर भिंग लावलेला दिवा, दातात एक कुंचला आणि हातात दुसरा. हातातल्या कुंचल्याला केस किती असतील ते त्यालाच ठाऊक. समोर प्लास्टिकची माणसं, बोटाच्या दोन पेरांएवढी. त्यांत अंतराळातले चिलखती शिपाई आहेत, कुऱ्हाडी घेतलेले हिरवे राक्षस आहेत, टोकदार कानांच्या तिरंदाज बाया आहेत. पटावर मांडून फाशांनी लढाई खेळायची, त्या खेळातली ही फौज. कंपनीकडून ती नुसती करडी येते. खेळणाऱ्यानं ती आपल्या हौसेनं रंगवायची असते.

आष्टीत ही हौस आली कशी, तर पवनचक्क्यांमुळे. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्या देखभालीला निखिल नावाचा पुण्याचा इंजिनिअर आला आणि सिस्टरांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिला. दिवसभर तो चक्कीवर चढायचा आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून काहीतरी करत बसायचा. पोरगा दार लावून काय करतो, हे बघणं सिस्टरांना आपलं कर्तव्य वाटलं. आत जाऊन बघतात तर हा एका राक्षसाच्या डोळ्यांत रंग भरतोय, आणि हात असा थरथरतोय की राक्षसाचा एक डोळा गालावर आलाय.

"आरं, लेकराला काजळ असं घालत्यात व्हय?" म्हणून त्यांनी त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला. श्वास रोखला, करंगळी टेबलावर टेकवली आणि राक्षसाला म्हणाल्या, "हलू नको. झालंच."

निखिलनं मला नंतर सांगितलं, "सर, तो राक्षस खरंच हलायचा थांबला असं वाटलं मला."

त्या दिवसापासून निखिल फक्त सामान मागवायचा आणि रंगवायच्या सिस्टर. सिस्टरांनी या कामात दवाखाना आणला. रंगात पाणी घालायला सुई काढलेली सिरिंज, बारीक तलवारी धरायला चिमटा, पुसायला कापूस. रंग ताकासारखा पातळ हवा, एक जाड हात द्यायचा नाही, दोन पातळ द्यायचे, आणि दोन्हींच्या मध्ये वाळू द्यायचं. 'वाळू दे' हा त्यांचा मंत्रच झाला. आमच्या घरात भांडण झालं आणि माझी बायको शोभा तणतणत त्यांच्याकडे गेली, की त्या मान वर न करता म्हणतात, "आज काय बोलू नको त्यांला. वाळू दे."

रंग जमला, तरी त्या फौजेकडे सिस्टर बघायच्या ते नर्सच्याच नजरेनं. लाल डोळ्यांचा शिपाई आला तर "ह्येचे डोळे आलेत". हिरवा राक्षस आला तर "पित्त हाय". एकदा बंगळुरूच्या कुणीतरी, निखिलच्या ओळखीनं, थडग्यातून उठलेल्या मुडद्यांची पलटण रंगवायला पाठवली. सिस्टरांनी ती बघितली आणि हळहळल्या. "रक्तच न्हाई की अंगात." त्यांनी सगळ्या मुडद्यांच्या गालांवर हलका गुलाबी हात फिरवला. पलटण परत गेली आणि त्या माणसाचा फोन आला. निखिलनं अवघडत निरोप सांगितला. मुडदे फार छान झालेत, पण महिनाभर माहेरी राहून आल्यासारखे दिसतात.

"मग चांगलं हाय की," सिस्टर म्हणाल्या.

खरी गंमत तिरंदाज राणीच्या वेळी झाली. ती जंगलाची राणी होती, हातात धनुष्य, पायात उंच बूट आणि अंगावर जवळजवळ काहीच नाही. सिस्टरांनी ती भिंगाखाली धरली, उलटसुलट केली आणि निखिलला हाक मारली.

"ही रणात निघाली का न्हानीत?"

"सिस्टर, ती जंगलात राहते."

"मग तर मच्छर लई चावत आसत्याल."

नळाची गळती बुजवायला दोन रंगांची लांबी मिळते, ती मळून त्यांनी राणीला लांब बाह्यांची चोळी घातली, वर पदर दिला आणि तो कमरेला खोचला. पदराला काठ काढला, काठावर नक्षी काढली. निखिल आधी डोक्याला हात लावून बसला होता. काठ पूर्ण झाला तेव्हा त्यानं तिचा फोटो काढून आपल्या खेळणाऱ्या मित्रांना पाठवला. त्यानंतर पुण्याहून खोकी यायला लागली. लोकांना आता पदर खोचलेल्याच राण्या हव्या होत्या.

खोकी येत राहिली, तशी गल्लीत कुजबुजही सुरू झाली. पलीकडच्या इंदूबाईंनी खिडकीतून बघितलं, तर सिस्टर एका बाहुल्याच्या तंगडीत सुई फिरवत होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. सिस्टर करणी करतात, भावल्यांना सुया टोचतात. शोभानं मला स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, तुमच्या मेव्हण्यांनी हात लावला होता त्याला. काही होणार नाही ना?"

सिस्टरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. एका ताटात सगळी फौज मांडली, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि भर दुपारी इंदूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मागोमाग मी आणि शोभा. इंदूबाई दाराच्या आत एक पाय ठेवूनच उभ्या.

"ह्यो बघ," सिस्टरांनी एक राक्षस पुढे केला. "पाय मोडला व्हता ह्येचा. मधी भोक पाडून तार घातली आन् जोडला. तुज्या सासूच्या मांडीत सळई घातली का न्हाई डाक्टरनं? ती करणी व्हती का?"

इंदूबाई बाहेर आल्या. त्यांनी राक्षस हातात घेतला, पाय ओढून बघितला. निघाला नाही. मग बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या महालक्ष्म्यांचे मुखोटे हायत. डोळे पार पुसून गेलेत. तेवढे काढून द्याल का?"

आता दर वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी सिस्टरांच्या टेबलावर एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या गौरींचे मुखवटे असतात. दोघांनाही सांगणं एकच, "हलू नको."

पुढे निखिलची बदली झाली आणि तो पुण्याला परत गेला. अधूनमधून मात्र भेटायला यायचा. अशाच एका भेटीत सिस्टर म्हणाल्या, की इतके दिवस रंगवतेय, हे खेळतात कसं ते तरी दाखव. निखिलनं जेवणाच्या टेबलावर दोन फौजा मांडल्या, एका फौजेमागे मला बसवलं, डब्यांचे डोंगर केले, इंची टेपनं अंतरं मोजली आणि फासे टाकले. माझा एक शिपाई पडला. निखिलनं तो उचलला आणि बाजूला ठेवला.

"कुटं चालवलास त्याला?" सिस्टरांनी विचारलं.

"मेला तो, सिस्टर."

"कोन म्हनलं? नाडी बगितली का?"

निखिल हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "येवडी मोठी फौज. तोफा हायत, घोडे हायत, झेंडे हायत. नर्स कुटं हाय?"

निखिलनं सांगितलं की काही फौजांमध्ये मंत्र म्हणून जखमा भरणारा एखादा पुजारी असतो. सिस्टरांनी मान हलवली. "मंतर न्हाई. ड्रेसिंग."

आणि त्या नर्स करायला बसल्या. तिरंदाज राणीच घेतली, धनुष्य पात्यानं कापून टाकलं, बूट तासून चपला केल्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. चेहरा कितीदा रंगवला आणि कितीदा पुसला, ते मी खिडकीतून बघत होतो. मी विचारलं, "तुमचाच चेहरा काढताय का?" तर म्हणाल्या, "मी येवडी गोरी हाय का, गुरुजी?" पण नर्सच्या कपाळावरची आठी हुबेहूब त्यांची होती.

पुण्यात निखिलच्या मंडळींचा वार्षिक मेळावा होता. सिस्टरांनी ठरवलं की नर्स तिथं खेळणार. निखिलनं मेळाव्याच्या संयोजकाला, ओंकारला, फोन लावून दिला. ओंकार अगदी नम्रपणे म्हणाला की नियमांत नसलेलं पात्र पटावर चालत नाही.

"आसं," सिस्टर म्हणाल्या. "मग मी येते. तोंडावर सांगा."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, शाळेला सुट्टी हाय ना तुमच्या?"

सुट्टी होती. लशीच्या बाटल्या न्यायचा निळा डबा, झाकण तडकलं म्हणून टाकून दिलेला, सिस्टरांनी जपून ठेवला होता. त्यात स्पंजाचे खाचे करून फौज भरली. एसटीत कंडक्टरनं डबा ओळखला आणि विचारलं, "सिस्टर, कसली लस?"

"फौज हाय," त्या म्हणाल्या. "दोन तिकिटं पुन्याची."

मेळावा एका मोठ्या हॉलमध्ये होता. टेबलांवर थर्माकोलचे डोंगर, पडके किल्ले, आणि भोवती दाढीवाली, काळ्या टी-शर्टमधली मोठमोठी माणसं. सिस्टर आत गेल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हात धुतले का?" काही जण खरंच धुवायला गेले.

ओंकार समोर आला. त्यानं तेच सांगितलं, जरा अजून गोड शब्दांत. "काकू, नर्स सुंदर आहे. आम्ही शोकेसमध्ये ठेवू. पण खेळात नाही घेता येणार. नियमात नाही."

"आमच्या उपकेंद्राला गाडी मंजूर नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "म्हनून बाळंतपनं थांबली का?"

ओंकारनं निखिलकडं बघितलं. निखिलनं छताकडं बघितलं. भोवती माणसं जमली. शेवटी तडजोड झाली. स्पर्धेबाहेर एक सामना खेळायचा, त्यात नर्स चालेल. ती लढणार नाही. पडलेल्या माणसाजवळ पोचली तर फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर माणूस उठेल.

"चार पन घ्या," सिस्टर म्हणाल्या.

"काकू..."

"चार पन."

चार पण घेतले.

समोर खेळायला कार्तिक नावाचा धिप्पाड गडी होता, मागच्या मेळाव्यात जिंकलेला. त्याची फौज करडीच होती, रंगवलेलीच नव्हती. सिस्टरांना ते बघवेना. "ह्यांला कपडे न्हाईत व्हय?" कार्तिक ओशाळला. म्हणाला, वेळ मिळत नाही.

सामना सुरू झाला. खरं सांगायचं तर सिस्टरांना खेळता येत नव्हतं. निखिल कानाशी लागून सांगायचा, डावीकडून जा, टेकडी धरा. त्या हो म्हणायच्या आणि नर्सच पुढे सरकवायच्या. त्यांचा एक पडला, नर्स पोचली, फासा टाकला, पाच. उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक पडला, दोन आले, गेला. सिस्टरांनी त्याला स्वतः उचलून डब्यात आडवा ठेवला.

मग कार्तिकचा एक शिपाई पडला. तो त्याला उचलायला वाकला, तर सिस्टरांची नर्स तिथं येऊन उभी.

"काकू, हा माझा आहे."

"मग? पडलाय ना?"

"पण मी तुमचा शत्रू आहे!"

"ते तू. त्यो पडलाय." आणि फासा टाकला. सहा. कार्तिकचा शिपाई उठला, आणि पुढच्याच पाळीत त्यानं सिस्टरांचा धनुर्धारी पाडला. निखिलनं कपाळ बडवून घेतलं. हॉलमध्ये हशा पिकला. बाकीची टेबलं सोडून माणसं इकडे आली. सिस्टर तशाच, दातात कुंचला नाही एवढाच फरक, एका पडलेल्याकडून दुसऱ्याकडे. त्यांनी कार्तिकची इतकी माणसं उठवली, की हरायला आलेला कार्तिक पुन्हा जिंकायला लागला आणि त्याचा चेहरा कानकोंडा झाला. आपला शिपाई पडला की तो आता स्वतःच म्हणायचा, "राहू द्या काकू, याला नको." सिस्टर ऐकायच्या नाहीत.

शेवटी टेकडीवर सिस्टरांची एकच बाई उरली. कोयता घेतलेली, पदर खोचलेली. ही सिस्टरांनी कधी केली, ते मलाही ठाऊक नव्हतं. कार्तिकच्या फाशानं ती पडली. पण नर्स अगदी शेजारी होती. निखिल उडालाच. "सिस्टर, टाका! ही उठली तर टेकडी आपली, सामना आपला. चार, पाच, सहा, काहीही!"

सिस्टरांनी फासा उचलला. मुठीत धरला. लोक ओरडत होते, "चार! चार!" कार्तिकसुद्धा ओरडत होता.

त्या हात हलवेनात. पडलेल्या बाईकडं बघत राहिल्या. हळूहळू ओरडा थांबला. मग त्यांनी फासा टेबलावर नुसता ठेवला, न टाकता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला मी नेते."

कापूस काढला, त्या बाईला गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. गुंडाळताना मला तिचा चेहरा दिसला. हनुवटीवर गोंदणाचे बारीक हिरवे ठिपके होते. ओंकारनं हळूच सांगितलं की मग सामना कार्तिकचा होतो. सिस्टर म्हणाल्या, "व्हय, त्याचाच." कार्तिक जिंकला, पण हात वर केला नाही. जाताना त्यानं आपली करडी फौज एका पिशवीत घालून सिस्टरांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घाई नाही, काकू." सिस्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मेळाव्याच्या नियमात नर्स घ्यायची की नाही, यावर आमची पाठ फिरताच वाद सुरू झाल्याचं ऐकू आलं.

परतीच्या एसटीत सिस्टर डबा मांडीवर घेऊन बसल्या. नगर मागे पडल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या, खिडकीबाहेर बघत.

"माजलगावकडं व्हते तवाची गोष्ट. ऊसतोडीची टोळी निघाली व्हती. गाडीतच एका बाईला कळा लागल्या. मला बोलवायला मानूस आला. मी गेले. जागा म्हंजी रस्त्याची कड. पोरगी झाली, चांगली रडली. पन आईचं रक्त थांबंना. दवाखान्याची गाडी बोलावली व्हती, ती येत व्हती म्हनं. मी तिचा हात धरून बसले आन् रस्त्याकडं बगत ऱ्हायले. आत्ता येईल, आत्ता येईल."

एसटी खड्ड्यातून गेली. सिस्टरांनी मांडीवरचा डबा सावरला.

"नाव इचारायचं राहिलं गुरुजी. कोन म्हनलं तिला 'ए वयनी', कोन म्हनलं 'आगं'. गोंदण तेवढं ध्यानात ऱ्हायलं."

"आणि पोरगी?"

"वाचली की. आजीनं नेली. आता असंल कुटंतरी, तिलाच लेकरं झाली असत्याल."

मी त्या डब्याकडं बघितलं. मग न राहवून म्हणालो, "पण सिस्टर, फासा टाकला असतात तर चार पडलेही असते. उठली असती ती."

"पडले असते," सिस्टर म्हणाल्या. "आन् नसते पडले तर?"

त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"तिला जाताना दोनदा कशाला बगू, गुरुजी?"